मी म्हणजे कोण?

दारावर टकटक झाली की घड्याळजी आतून विचारत, "कोण?" बाहेरचा माणूस जगाच्या रीतीने सांगे, "मी." मग घड्याळजी खुशीत म्हणत, "मी तर इथे बसलोय! तू कोण?"

बायको कपाळाला हात लावी. "अहो, एक दिवस अंगाशी येईल हा विनोद."

त्या दुपारी तिच्या डोळ्यांवर ऑपरेशनची पट्टी होती. तिचं औषध घेऊन ते खोलीत शिरले, तशी खुर्चीतून तिने विचारलं, "कोण?"

"मी," ते म्हणाले. ओठ त्यांचे हलले, पण आवाज नळातून आला.

ते चपापले. "अगं, मी!" आता तो कपाटातून आला, पायाखालच्या फरशीतून आला, टेबलावरच्या उघड्या घड्याळांतून आला. त्यांनी गळा चाचपला. गळा गार आणि गप्प होता.

तिने त्यांचाच विनोद त्यांच्यावर उलटवला. "मी तर इथे बसलेय. तुम्ही कोण?"

त्यांनी जीव खाऊन ओरडायला तोंड उघडलं. खिडकीबाहेरचा रस्ता, झाडं, गच्चीवर वाळणारे कपडे आणि वरचं अख्खं आभाळ ध्रुपद धरल्यासारखं एका सुरात म्हणालं, "मी!"

भेदरून त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

तिने किंचाळून तो हिसडला आणि दोन्ही हात खिडकीकडे पसरले. "अहो, धावा! घरात कुणीतरी शिरलंय!"

घड्याळजींचे ओठ मिटलेले होते. आभाळातून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं, "आलो गं, आलो!"