डाव्या पॅडलचा आकडा

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी पूनमसिंग तांड्यावरून बोरी अरबला सायकलवर दूध घालू लागला. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय वाळला होता, म्हणून सायकलला मोटर लावली होती. पण बॅटरी अर्ध्या वाटेत बसे आणि दूध नासे. शेवटी त्यानं लोहारा गावच्या निजामुद्दीन मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीनं प्रत्येक पायाचा जोर वेगळा ओळखणारा सेन्सर आणि तो जोर दाखवणारा मीटर बसवला. पाय जितका दाबेल, तितकीच मोटर साथ देणार होती.

ब्रेक आवळून पूनमसिंगनं पॅडल दाबलं. मीटरवर उजव्या पायाचा आकडा नऊ आला, डाव्याचा एकवीस.

"वायरी उलट्या जोडल्या वाटते," मिस्त्री पुटपुटला. वायरी बरोबर होत्या. त्यानं स्वतः बसून पाहिलं, तर दोन्ही आकडे सारखे आले.

"भाऊ, डाव्या पायानं दाबून राह्यले का तुम्ही?"

"त्या पायात जोर कुठला, निजामभाई? पट्ट्यानं बांधून ठेवतो मी त्याले."

मिस्त्रीला राहवेना. त्यानं पट्टा सोडला. पूनमसिंगनं दोन्ही हातांनी तो काटकुळा पाय वर उचलून धरला. डावं पॅडल रिकामं झालं.

आकडा एकवीसच राहिला. मग पंचवीस झाला.

मिस्त्री उकिडवा बसला आणि त्यानं हळूच रिकाम्या पॅडलकडे हात नेला. पॅडलच्या चार बोटं वरच त्याचा हात अडला. हाताला काहीतरी उबदार लागत होतं.

वाळलेला पाय तसाच उचलून धरलेला पूनमसिंग एकदम खुदकन हसला.

"गुदगुल्या काहून करता, निजामभाई?"