आबांचा जपान

"आबा, मुलाखत चालू असताना मध्ये बोलायचं नाही हं!" माझ्या नातीनं, ऋजुतानं, दटावलं. जपानच्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकायचं, तर ही शेवटची चाळण होती. मी मुकाट दाराआड उभा राहिलो.

"जपानच का?" लॅपटॉपमधल्या प्राध्यापकबाईंनी विचारलं.

पाठ केलेलं उत्तर पोरगी विसरली. "आमचे आबा रत्नागिरीहून देवमाशाला वेसण घालून जपानला जाऊन आलेत म्हणे. तेही पासपोर्टशिवाय! आता खरा जपान पाहून तो मला त्यांना सांगायचाय."

बाई खळखळून हसल्या.

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं, तरी वर्षानुवर्षं "मग पुढे?" विचारत राहिली.

प्रवेश मिळाला. निघताना म्हणाली, "आबा, तिकडून काय आणू?"

"खरं आणू नकोस, मला पचायचं नाही. चांगलीशी थाप आण. ऐकायची पाळी आता माझी."