लिडिया म्हणजे डावीकडे

‘सेंटरला पहिल्या फेरीत निवडणे हा संघाच्या साधनसंपत्तीचा अपव्यय होय,’ असे अहवालाच्या पहिल्याच वाक्यात म्हटले होते. अमेरिकन फुटबॉलमधल्या सेंटरने चेंडूवर वाकायचे, तो दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे खेळी चालवणाऱ्याच्या, हाती द्यायचा आणि मग समोरून येणाऱ्याला अडवायचे. एवढ्या कामाला पाचव्या फेरीतला कोणताही धिप्पाड मुलगा पुरतो. पुरावा घरचाच होता. संघाचा क्वार्टरबॅक गॅरेट लूमिस याने गेल्या नऊ हंगामांत, त्याला पाडण्यासाठी प्रतिपक्षाने केलेल्या छुप्या चढायांपैकी चौऱ्याण्णव पूर्णांक दोन टक्के चढाया चेंडू हलण्यापूर्वीच स्वतः ओळखल्या होत्या. मागे असा मेंदू उभा असताना पुढे कोण वाकला आहे, हा प्रश्न गौण ठरतो.

अहवाल एकशे बारा पानांचा होता. तळटिपा निर्दोष होत्या.

संघाचे विश्लेषणप्रमुख डॉ. प्रेस्टन हॉलक्विस्ट यांनी तो गुरुवारी सकाळी बैठकीत वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी नवोदित खेळाडूंची निवड सुरू व्हायची होती आणि संघाची पाळी तेविसावी होती. भिंतीवरच्या फळ्यावर तेविसावे घर रिकामे होते. मुख्य व्यवस्थापक मार्ला डीट्रिख यांच्या हातात दोन चुंबकी पट्ट्या होत्या. एकीवर आयोवातल्या एका सेंटरचे नाव, दुसरीवर चेंडू झेलणाऱ्या एका चपळ धावपटूचे.

टेबलाच्या टोकाला ड्युएन कोवाल्की क्रिंगल या साखर लावलेल्या गोड पावाचा तुकडा सावकाश खात बसला होता. नऊ वर्षे तो या संघाचा सेंटर होता, तोही पहिल्या फेरीत निवडलेला. आता गुडघे संपले होते, आणि त्या दिवशी तो केवळ निरोपाच्या न्याहारीसाठी आला होता. अहवालात त्याचे नाव एकदाच येत होते, कोष्टक सातमध्ये, ‘नगण्य प्रभाव’ या शीर्षकाखाली.

क्वार्टरबॅकपुढे ज्या पाच जणांची भिंत उभी राहते, तिचे प्रशिक्षक लाइल बुडझिन यांनी एवढेच विचारले, की चढाई कोणी ओळखली हे ठरवले कसे. डॉक्टरांनी पद्धत समजावून सांगितली. लूमिस हात करून धोक्याची बाजू दाखवतो, त्याप्रमाणे भिंत सरकते. नऊ वर्षांतल्या प्रत्येक खेळीची चित्रफीत त्यांच्या चमूने पाहिली होती.

“कुठली चित्रफीत?”

“प्रशिक्षकांची. उंचावरून घेतलेली. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात तीत.”

“तिला आवाज नसतो, डॉक्टर.”

ही गोष्ट त्या इमारतीत मैदानाचे गवत कापणाऱ्यालाही ठाऊक होती. नऊ वर्षांचा मूकपट पाहून त्यात बोलले कोण, याचा निवाडा देण्यात आला होता, तोही दशांशासह. ज्याने आग लागूच दिली नाही त्या पहारेकऱ्याला बिनकामाचा ठरवणारी विद्वत्ता तशी जुनीच आहे. अलीकडे तिला रंगीत आलेख जोडतात, एवढेच.

ड्युएनने बोटांवरची साखर झटकली. “मूकपटात मी बरा दिसत असेन, नाही का डॉक्टर? त्यातही माझी मागचीच बाजू येते म्हणा.”

बुडझिन यांनी दूरचित्रवाणीवरच्या प्रक्षेपणाचा एक तुकडा लावला. त्यात मैदानावरचा आवाज होता. बर्फ पडत होता. चेंडूवर वाकलेल्या ड्युएनने मान किंचित उचलली, समोर पाहिले आणि खर्जात हाक दिली, “लिडिया! लिडिया!” मग लूमिसचा हात डावीकडे उठला. बाईचे नाव आले की भिंतीने डावीकडे सरकायचे, पुरुषाचे आले की उजवीकडे, ही त्यांची जुनी रीत. लिडिया ही ड्युएनची आत्या. दुसऱ्या तुकड्यात “रूडी!” आणि मग हात उजवीकडे. असे चौदा तुकडे झाले. प्रत्येकात आधी आवाज, नंतर हात.

डॉक्टर म्हणाले, की दोघांनाही एकाच क्षणी दिसले असेल. एकाने आधी उच्चारले म्हणून दुसऱ्याने पाहिले नाही असे सिद्ध होत नाही. त्या सकाळी त्यांनी केलेला हा एकमेव विद्वानाला शोभणारा युक्तिवाद होता, आणि त्याचे उत्तर एकच माणूस देऊ शकत होता.

लूमिस खिडकीपाशी बसला होता. त्याच्या नव्या कराराची बोलणी याच चौऱ्याण्णव टक्क्यांवर उभी होती. वर्तमानपत्रे त्याला ‘प्राध्यापक’ म्हणत, आणि ती पदवी त्याने कधी नाकारली नव्हती.

“सोड ना, गड्या,” ड्युएन म्हणाला. “दोघांनी पाहिलं म्हण, म्हणजे सगळे जेवायला मोकळे.”

टेबलावर त्याचा उजवा हात पडला होता. दोन बोटे मोडून वाकडीच जुळलेली. लूमिस त्या बोटांकडे पाहत राहिला.

“गॅरेट,” मार्ला डीट्रिख यांनी विचारले, “तुला दिसायचं का?”

तो बोलला. ड्युएनने हातातला तुकडा खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मार्ला डीट्रिख उठल्या आणि आयोवाच्या सेंटरची पट्टी त्यांनी तेविसाव्या घरात लावली. अहवाल फेटाळला गेला नाही. तो संग्रहात जसाच्या तसा आहे. त्यांच्या आज्ञेवरून त्याला फक्त एक परिशिष्ट जोडण्यात आले. त्यात एकही आलेख नाही. लूमिसचे उत्तर तेवढे शब्दशः दिले आहे:

“नाही, मॅडम. समोर अकरा माणसं हलताना दिसायची, त्यातलं मला काही कळायचं नाही. ड्युएन लिडिया म्हणायचा, मी डावीकडे हात करायचो, आणि लोक माझ्या नावानं ओरडायचे. नऊ वर्षं मी दर रविवारी माझ्या पायांनी चालत घरी गेलो, ते ह्याच्यामुळं. मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते, तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.”