आत्ताच

"गर्भातलं पाणी कधी गेलं?" डॉक्टरबाईंनी केसपेपरवर पेन टेकवत विचारलं.

"आत्ताच, घरून निघताना," सारिकाच्या सासूबाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी सारिकाच्या बाळंतपणाच्या वेळीही त्या असंच 'आत्ताच' म्हणाल्या होत्या. अमावस्या टळावी म्हणून पाणी गेल्यावरही तिला दीड दिवस घरात बसवून ठेवलं होतं. बाळाला जंतुसंसर्ग झाला, तिसऱ्या दिवशी ते गेलं, आणि सासूबाईंनी गावभर केलं, "हिच्या दुधातच विष."

आज बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक आत कण्हत होती. सकाळी तिनंच रडत खरं सांगितलं, तेव्हा सारिकानं दोन फोन केले. एक गाडीसाठी, दुसरा नणंदेच्या सासूला, विहीणबाईंना. त्या आता दारातच उभ्या होत्या.

सारिका मुद्दाम मोठ्यानं बोलली. "काल सकाळीच गेलंय, डॉक्टर. अमावस्या होती ना, म्हणून पोटच्या लेकीलाही थांबवलं. माझ्या वेळीही यांनी हेच खोटं सांगितलं होतं."

डॉक्टरबाई इंजेक्शन आणायला धावल्या. विहीणबाई आत आल्या. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

सारिका त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सांगायलाच हवं होतं. नाहीतर उद्या वन्संच्या दुधातही विष निघालं असतं."