मधलं पेडल

कर्टिसनं पियानोची पुढची फळी काढून भिंतीला टेकवली आणि आत डोकं खुपसलं. शुक्रवारी हा पियानो आर्डिस हाल्वर्सन यांच्या स्मरणार्थ चर्चला द्यायचा होता. त्याआधी सूर लावून घ्यावेत म्हणून त्यांच्या मुलीनं, मार्नीनं, त्याला बोलावलं होतं.

मार्नी सोफ्यावर बसून पितळी पाटी पुसत होती. पाटी कालच कोरून आली होती. 'प्रेमळ पत्नी, आई आणि संगीतशिक्षिका. संसार हेच तिचं संगीत होतं.' यातलं दुसरं वाक्य मार्नीचं स्वतःचं. अंत्यविधीच्या दिवशी ती ते चर्चमध्ये बोलली, तेव्हा अर्ध्या गावानं रुमाल काढले. लग्नानंतर आईनं स्वतःसाठी पियानो वाजवणं सोडलं, आपणहून सोडलं आणि सुखानं सोडलं, असं तिनं सांगितलं होतं. गावाला ते पटलं. मार्नीला तर पटवून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. गेले दोन आठवडे ती त्या एका वाक्याच्या आधारावर उभी होती.

लगतच्या स्वयंपाकघरात तिचे वडील, लाइल, शेजारणींनी पोहोचवलेल्या जेवणांपैकी शेवटचं, चीज घालून भाजलेलं कॅसरोल संपवत बसले होते. वय शहाऐंशी, पण भूक शाबूत होती.

"तुझ्या आईनं मला तीन वर्षं शिकवलं," कर्टिस आतूनच म्हणाला. "मग आमच्या म्हाताऱ्याला बोलावून सांगितलं, याला पियानो वाजवायला लावू नका, दुरुस्त करायला लावा. पोटापाण्याला लावलं बघ मला."

मार्नी हसली. आईबद्दल असं काही कुणी बोललं की तिला बरं वाटायचं.

"आयला," कर्टिस म्हणाला. "इकडे ये जरा."

ती उठून जवळ गेली. त्यानं आत टॉर्च धरला.

"हे मधलं पेडल दाबलं की ही नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी तारांपुढं येते. आवाज पार दबतो. लोकांच्या घरी चाळीस-चाळीस वर्षं पट्टी कोरीच्या कोरी असते. तोंड दाबून कोण वाजवणार? आणि ही बघ."

पट्टीची चाळण झाली होती. तारांवर आपटणाऱ्या हातोड्या बसून बसून तिला ओळीनं भोकं पडली होती आणि त्यांतून पलीकडच्या तारा दिसत होत्या.

"मुलांनी केलं असेल," मार्नी म्हणाली.

"आम्हाला या पेडलाला पाय लावायची बंदी होती. शिवाय मुलांचं सगळं मधल्या दोन सप्तकांत चालतं. ही पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत झिजलीय. बसून, मनापासून वाजवलंय कुणीतरी. वर्षानुवर्षं."

मार्नीनं आईला शिकवताना ऐकलं होतं. रविवारी चर्चमध्ये ऐकलं होतं. असं दोन्ही हात पसरून वाजवताना कधीच नाही. तिला क्षणभर आईचा रागच आला.

मग तिनं उत्तर शोधलं. "बाबांची रात्रपाळी असायची ना. तेहेतीस वर्षं कागदाच्या गिरणीत. दिवसा झोपायचे. त्यांची झोपमोड नको म्हणून हळू वाजवत असेल." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. यातही मायाच होती. पाटीवरचं वाक्य आता उलट जास्तच खरं वाटायला लागलं.

"असेल," कर्टिस म्हणाला. तो लाकडावरची पेन्सिलीची अक्षरं वाचत होता. पियानोत काही बदललं की तारीख आतच लिहून ठेवायची, ही त्याच्या वडिलांची शिस्त. "म्हाताऱ्याचंच अक्षर. या घरी तो मरेपर्यंत स्वतः यायचा, मला कधी पाठवलं नाही. बघ, नवी पट्टी, एकोणीसशे बहात्तर. परत एकोणनव्वद. आणि ही शेवटची, दोन हजार सात. म्हणजे ही चाळण त्यानंतरची."

लाइल गिरणीतून निवृत्त झाले अठ्ठ्याण्णव साली. मार्नीनंच तेव्हा पार्टी दिली होती. त्यानंतर रात्रपाळी नव्हती, दिवसाची झोपही नव्हती.

तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांना यातलं काही ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर त्यांनीच तिला म्हटलं असतं, मोकळेपणानं वाजव म्हणून. तू त्यांना सांगू नकोस हं. या वयात जिवाला लावून घेतील."

"मी कशाला सांगू? काढून टाकू ही पट्टी? चर्चमध्ये काही कामाची नाही."

"थांब. एकदा पेडल दाबून वाजव. कसं ऐकू येतं ते बघू दे."

कर्टिसनं पेडल दाबलं आणि आईनंच शिकवलेली एक धून अडखळत वाजवली. स्वर येत होते, पण शेजारच्या बंद घरातून यावेत तसे. मार्नी पियानोला खेटून उभी होती. एवढ्या जवळूनसुद्धा तिला कान द्यावे लागत होते.

स्वयंपाकघरातला चमचा थांबला.

"नुसत्या त्या पेडलानं भागत नाही रे, कर्टिस," लाइल आतून म्हणाले. "मला इथवर ऐकू यायचं. शेवटी मी आर्डिसला सांगितलं, दारही लावून घेत जा."