पिवळ्या रेघा

"साहेब, तुम्ही खोटारडे आहात. तुमचं अख्खं खातं खोटारडं आहे. आठ महिने मला एका खोट्या फोटोमागे पळवलंत!"

रंगवाल्यानं फोटो टेबलावर आपटला. चहाचा कप हादरला, साहेब हादरले नाहीत. बेपत्ता माणसांच्या खात्यात बसून बसून माणूस असा होतो. समोरच्याचं घर बुडालं तरी ह्याच्या बाहीला पाणी लागत नाही.

"बसा," साहेब म्हणाले. मग दाराकडे पाहून, "ताई, तुम्हीही बसा."

दारात त्याची बायको उभी होती. सकाळपासून तिनं एकच धोशा लावला होता: अहो जाऊ द्या, कशाला त्यांच्या तोंडी लागता. ती बसली नाही.

रंगवाला हे लोकांनी ठेवलेलं नाव. काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग द्यायचे, ह्यात त्याची हयात गेली. बायको शेजारी बसून पेन्सिली तासून द्यायची, गर्दीच्या दिवसांत हातही लावायची. पुढे रंगीत कॅमेरे आले आणि धंदा बसला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गेल्या डिसेंबरात त्याची एकोणीस वर्षांची मुलगी घरातून निघाली ती परत आलीच नाही. अंगात आईनं विणलेला पिवळा स्वेटर होता. दोन महिने त्यानं दिसेल त्या ऑफिसचा उंबरा झिजवला. खुर्च्यांनी त्याला दुसऱ्या खुर्च्यांकडे धाडलं. शेवटी त्यानं अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड केलं आणि अन्न सोडलं. डॉक्टरनंही हात टेकले. मार्चमध्ये बायको दोन दिवस बहिणीकडे जाऊन आली आणि आल्या आल्या तिनं टपालात आलेला एक लिफाफा त्याच्या हातात ठेवला. वर ह्याच खात्याचा शिक्का. आत फोटो: कुठल्याशा स्टेशनचा फलाट, धूसर माणसं आणि पाठमोरी एक मुलगी. मान डावीकडे किंचित कललेली, अगदी तशीच. अंगात पिवळा स्वेटर.

माणूस उठून बसला. कपभर दूध प्याला. चार दिवसांनी दाढी केली, फोटो खिशात घातला आणि बाहेर पडला. तेव्हापासून एकवीस स्टेशनं पालथी घातली.

"गेल्या आठवड्यात मोतीबिंदू काढला," तो साहेबांना म्हणाला. "ही म्हणत होती, एवढी काय घाई, पुढच्या वर्षी बघू. पण पोर लांबून ओळखू यायला नको? काल पट्टी निघाली. सगळ्यात आधी काय बघितलं असेल मी? हा फोटो! घ्या, तुम्हीही बघा. नाकाजवळ धरा. कुठंय पिवळा?"

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"स्वेटर करडाच आहे. वर नुसत्या पिवळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. आता हात लांब करून बघा. झाला पिवळा? ही युक्ती माझी आहे, साहेब. गिऱ्हाईक घाईत असलं की मी रंग भरायचोच नाही, रेघा ओढून द्यायचो. लांबून अख्खा कपडा रंगीत दिसतो. डोळ्याला दिसते रेघ, मधली जागा मेंदू भरून काढतो. मेंदू म्हणजे लबाड कारकून! कोरा रकाना दिसला की ठोकून देतो मनचं काहीतरी."

"फोटो आमच्या लिफाफ्यात आला?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मग काय आभाळातून पडला? शिक्का तुमचा, रेघाही तुमच्याच. फाइल बंद करायची होती ना? पोरगी स्वतःहून निघून गेली, मजेत आहे, चला, एक कटकट मिटली!" त्याचा आवाज चिरकला. "बोलवा तुमच्या त्या कलाकाराला. हात चांगलाय बेट्याचा. रेघा तिरक्या आहेत, कंगव्याचे दात धरून मापलेल्या आहेत. जवळ पडल्या तर रंग फासल्यासारखा दिसतो, लांब पडल्या तर सोंग उघडं पडतं. हे त्याला कुणी शिकवलं? एकच खोड आहे, शेवटाला रेघ वर उचलतो. ह्या खोडीवरून मी वीस वर्षं ओरडत..."

त्याचं बोट फोटोवरच राहिलं.

"मार्चमध्ये आम्ही लिफाफा पाठवला होता, हे खरं," साहेब म्हणाले. "पण त्यात फोटो नव्हता." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

बायको पुढे आली. तिनं फोटो त्याच्या बोटाखालून काढून घेतला आणि पदरानं पुसला.

"त्यांना कशाला शिव्या देता? मला द्या. बहिणीकडे गेले नव्हते मी. लिफाफ्यात बोलावणं होतं, नदीत सापडलेल्या पोरीला ओळखायला या म्हणून. तोंडावरून ओळखता येत नव्हतं. स्वेटरावरून ओळखलं. टाके माझेच होते ना! एकटीनं सगळं उरकलं आणि घरी आले, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले. फोटोतली ती मी आहे. लग्नाच्या वर्षी तुम्हीच काढला होता. मान तिनं माझी घेतली होती, एवढंही कधी दिसलं नाही तुम्हाला. एक कागद त्यांनी पाठवला होता, एक मी रात्रभर बसून केला होता. यातला कोणता द्यायला हवा होता तुमच्या हातात? अहो, तुम्हालाच विचारतेय. कोणता?"