काचेतली बाय

“रुग्णाचं पूर्ण नाव सांगा,” काचेतली बाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि पुन्हा गोड हसली.

गोदूबाईला त्या हसण्याचा असा राग आला! कॅम्प चार भागातल्या ह्या नव्या हॉस्पिटलात चौकशीला जिवंत माणूस म्हणून नव्हतं. माणसाएवढी काच आणि तिच्यात साडी नेसलेली बाई. पापण्या मिटत होती, मानही डोलावत होती. “मशीन आहे ती, बिनधास्त बोला,” वॉचमननं सांगितलं होतं. गोदूबाईच्या आधी एक पोरगा तिला “हाय जानू” म्हणून खिदळला. एक काका “हॅलो, हॅलो, आवाज येतो का?” असं ओरडले. पण मशीन झाली तरी बाईमाणूस ना? गोदूबाईनं पदर सारखा केला आणि रीतीनं विचारलं, “काय गो बाय, जेवलीस का?”

त्यावर हे. म्हणे नाव सांगा.

शिरगावातून ती रिक्षानं एकटीच आली होती. “काकांना बाजारात चक्कर आली, कॅम्प चारच्या नव्या हॉस्पिटलात नेतोय,” एवढंच नवऱ्याच्या फोनवरून कुणी परका बोलला आणि फोन बंद पडला. मुलगा राजू अंबरनाथच्या कंपनीत, तिथं मोबाइल गेटवरच काढून घेतात. माणूस आहे की गेला, तेही तिला ठाऊक नव्हतं.

“आमच्या घरातले,” ती म्हणाली. “राजूचे वडील. पाटील.”

“पाटील आडनावाचे नऊ रुग्ण दाखल आहेत. पूर्ण नाव सांगा.”

आता काय करावं, बाई! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिनं असं उघड कधी घेतलं नव्हतं. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं लग्नाच्या हळदीतच आईनं बजावलं होतं. आणि आज घ्यायचं? आजच? त्यांनी तरी तिला कधी नावानं हाक मारली होती! ‘ए राजूची आय’, की झालं. राजू व्हायच्या आधी तर नुसतंच ‘अगो ए’.

मागची रांग चुळबुळायला लागली. “आजी, नाम बोलो ना, पीछे लाइन है!”

गोदूबाईला एकदम सुचलं. अगो, नाव घ्यायला एक वाट असते की! तिनं डोक्यावरून पदर घेतला, काचेपुढं हात जोडले आणि मांडवात म्हणावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“काचेतल्या बायला माझा एकच सवाल,
हरिचंद्ररावांचं नाव घेते, सांग त्यांचा हालहवाल!”

काचेतल्या बाईनं दोनदा पापण्या मिटल्या.

“हरिचंद्र पाटील. दुसरा मजला, खाट सात. शुद्धीवर आहेत.”

गोदूबाईच्या जिवात जीव आला. ती जिन्याकडे धावलीच.

“थांबा,” बाई म्हणाली. “वॉर्डात एकाच माणसाला सोडतात. कुणाला सोडायचं ते रुग्णानं स्वतः सांगितलं आहे. नाव आहे, गोदू. ती आपणच का?”

गोदूबाई पहिल्या पायरीवरून मागं आली. काचेला अगदी खेटून उभी राहिली.

“परत सांग गो बाय,” ती म्हणाली. “काय म्हणाले ते?”